झडपेची एक ओळ आणि पुढचे एकोणीस आठवडे

वाचक ताईंचे पत्र : "मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय सत्तावीस, पहिलेच गरोदरपण, एकविसावा आठवडा सुरू आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात लिहिले आहे की, बाळाच्या हृदयातील पल्मनरी व्हॉल्व्ह जाड दिसते, तेथे रक्ताचा वेग सेकंदाला 2.1 मीटर आहे, ट्रायकस्पिड झडपेतून थोडी गळती आहे, दोन्ही निलये जवळपास सारखी दिसतात, फीटल इको (बाळाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी) करून घ्यावा. माझे यजमान माझे आतेभाऊ आहेत, म्हणजे सासूबाई माझी सख्खी आत्याच. ती म्हणते की, चौथ्या महिन्यातल्या ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून हे झाले. सासरे म्हणतात की, चोवीस आठवड्यांच्या आत मोकळे व्हावे, नंतर कायदा परवानगी देत नाही. यजमान काहीच बोलत नाहीत. माझे काय चुकले? पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केल्याने बाळाला इजा होते का? पोटातच ऑपरेशन करता येते का? पहिले बाळंतपण कोल्हापूरला माहेरी व्हायचे ठरले आहे, ते तसेच ठेवावे का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तुम्ही शेवटच्या प्रश्नात, जाता जाता लिहिला आहे, आणि तो म्हणजे बाळंतपणाचे ठिकाण. त्याकडे मी सविस्तर येणारच आहे, पण तुमचा पहिला प्रश्न मनाला सर्वांत जास्त टोचणारा असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो.

तुमचे काहीही चुकलेले नाही. बाळाच्या हृदयाचे चार कप्पे आणि चारही झडपा गर्भारपणाच्या दहाव्या आठवड्याच्या सुमारास घडून झालेल्या असतात, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत हे नुकतेच पचनी पडलेले असते, तोवर हे काम संपलेले असते. चौथ्या महिन्यात तुम्ही भाजी चिरली, शिवण शिवले किंवा दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून राहिलात, तरी त्या झडपेच्या पाकळ्यांमध्ये काही फरक पडला नसता. आणि ग्रहण अगदी सहाव्या आठवड्यात आले असते, तरीही पडला नसता, कारण चंद्रसूर्याच्या सावलीचा झडपेशी संबंध नाही. ज्यांचा संबंध असू शकतो अशा गोष्टी वेगळ्या आहेत : आईला गर्भधारणेआधीपासून असलेला आणि आटोक्यात नसलेला मधुमेह, पहिल्या तिमाहीत झालेला रुबेला, अपस्माराची काही औषधे, घरात कोणाला जन्मतः असलेला हृदयदोष. यांतले काहीच तुमच्या पत्रात नाही. नात्यातले लग्न हे कारण थोडी शक्यता वाढवते आणि ते मी लपवणार नाही. परंतु ज्या घराने ते लग्न जुळवले, त्या घराने त्याचा दोष एकट्या सुनेच्या पदरात टाकू नये, एवढे तुमच्या आत्यांनी हे उत्तर वाचले तर त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. साधारण शंभरातील एका बाळाला जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत एकच असे कारण कधीच सापडत नाही.

आता अहवालाकडे वळू. पल्मनरी झडप म्हणजे हृदयाच्या उजव्या निलयातून, म्हणजे उजवीकडच्या खालच्या कप्प्यातून, फुप्फुस धमनीत जाणाऱ्या वाटेवरचे तीन पाकळ्यांचे दार. एकविसाव्या आठवड्यात त्या दाराची रुंदी जेमतेम 3 मिलिमीटरच्या आसपास असते आणि ते मिनिटाला 140 ते 150 वेळा उघडझाप करत असते. एवढ्या लहान आणि हलत्या वस्तूबद्दल तुमच्या गावच्या सोनोग्राफी केंद्रातील डॉक्टरांनी वेगासह नोंद केली आणि स्वतः निष्कर्ष न काढता पुढच्या तपासणीचा सल्ला दिला, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. पुष्कळ अहवालांत हृदयाच्या रकान्यापुढे "चार कप्पे दिसले" एवढेच लिहून पुढे जातात, आणि केवळ चार कप्प्यांचे चित्र पाहिले तर पल्मनरी झडपेचा दोष सहज निसटतो, कारण ती झडप त्या चित्रात येतच नाही. तिच्यासाठी सोनोग्राफीचा प्रोब थोडा वर, बाळाच्या डोक्याच्या दिशेने सरकवून निलयांतून बाहेर पडणाऱ्या दोन्ही मोठ्या धमन्या आणि त्यांच्याही वरचे तीन रक्तवाहिन्यांचे दृश्य पाहावे लागते.

वेगाचा आकडा समजून घ्या. या वयाच्या गर्भात पल्मनरी झडपेपाशी रक्ताचा वेग साधारणपणे सेकंदाला 1 मीटरच्या आत असतो. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात उडते, त्याचप्रमाणे वाट अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. वेगाचा वर्ग करून त्याला चाराने गुणले की झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांतला फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. तुमच्या आकड्यावरून तो सुमारे 18 येतो. जन्मानंतर 3 मीटरपेक्षा कमी वेग असेल तर आम्ही त्याला सौम्य अरुंदपणा म्हणतो, आणि हे वाचून तुम्हाला लगेच हायसे वाटेल. पण तो मापदंड जन्मलेल्या बाळाचा आहे, पोटातल्या बाळाला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. डॉप्लरच्या, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या, ध्वनिलहरी रक्ताच्या धारेच्या रेषेत नसतील, तर वेग खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. शिवाय झडप जवळजवळ बंद झालेली असेल किंवा मागचे निलय थकलेले असेल, तर पुढे जाणारे रक्तच इतके थोडे असते की वेग कमीच दिसतो. म्हणून एकट्या आकड्यावर आनंदही मानू नये आणि रडूही नये.

पोटातले बाळ अशा झडपेसह इतके स्वस्थ कसे राहते, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण त्याचे उत्तर कळले की पुढचे सगळे आपोआप कळेल. गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू वारेतून येतो, त्यामुळे फुप्फुसांकडे थोडेच रक्त जाते. उजव्या निलयातून निघालेले बहुतेक रक्त डक्टस आर्टेरिओसस नावाच्या एका जोडवाहिनीतून थेट महाधमनीत उतरते. दुसरी एक पळवाट दोन अलिंदांमधल्या, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्यात असते. उजवीकडची वाट अरुंद झाली की अधिक रक्त त्या फटीतून डावीकडे जाते आणि डावे निलय उजव्याचे काम सांभाळून घेते. बाळ व्यवस्थित वाढते, हालचाल करते, ठोके ठीक असतात. खरी परीक्षा जन्मानंतर सुरू होते. फुप्फुसे कामाला लागतात आणि ती जोडवाहिनी पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेक बाळांमध्ये बंद होते. झडप पुरेशी उघडत असेल तर काहीच बिघडत नाही. ती फारच अरुंद असेल, तर फुप्फुसांकडे रक्त जाण्याची एकमेव मोकळी वाट या बंद होण्याने जाते आणि पहिल्या दिवशी गुलाबी दिसणारे बाळ निळे पडू लागते.

त्यामुळे फीटल इकोमध्ये तज्ज्ञ केवळ झडपेकडे पाहणार नाहीत. ते पाहतील की उजवे निलय आणि ट्रायकस्पिड झडपेचे (उजव्या अलिंदातून उजव्या निलयात उघडणाऱ्या दाराचे) तोंड गर्भाच्या आठवड्यांच्या मानाने नीट वाढते आहे का, निलयाची भिंत जाड झाली आहे का, झडपेतून रक्त पुढे जाताना स्पष्ट दिसते का, ट्रायकस्पिडची गळती क्षणभराची आहे की प्रत्येक ठोक्याच्या संपूर्ण आकुंचनात टिकणारी आणि जोरदार आहे. पुसट, क्षणिक गळती निरोगी गर्भांतही पुष्कळदा दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या जोडवाहिनीत रक्त कोणत्या दिशेने वाहते. एरवी ते फुप्फुस धमनीकडून महाधमनीकडे जाते. तेच उलटे, महाधमनीकडून फुप्फुस धमनीकडे येऊ लागले, तर त्याचा अर्थ उजव्या निलयातून पुरेसे रक्त बाहेर पडत नाही आणि हे बाळ जन्मानंतर त्या जोडवाहिनीवर अवलंबून राहणार आहे, असा असतो. तुम्ही तपासणीनंतर एकच प्रश्न विचारणार असाल, तर तो हा विचारा : "डक्टसमधला प्रवाह सुलटा आहे की उलटा?" तुमच्या अहवालात दोन्ही निलये जवळपास सारखी असल्याचे लिहिले आहे, ही आजच्या घडीची चांगली खूण आहे.

"आजच्या घडीची" असे मी जाणूनबुजून म्हणतो. झडपेचे दोष गर्भारपणात एका जागी थांबत नाहीत. एकविसाव्या आठवड्यात सौम्य वाटलेला अरुंदपणा तिसऱ्या तिमाहीत वाढलेला मी पाहिला आहे, आणि भीतीदायक भाषेत लिहिलेला अहवाल घेऊन आलेल्या आईचे बाळ जन्मानंतर केवळ तपासणीसाठी येत राहिले, असेही पाहिले आहे. म्हणून पहिला फीटल इको या आठवड्यातच करून घ्या आणि नंतर दर तीन-चार आठवड्यांनी, तज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे, पुन्हा करा. यात क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात, आणि गरजेपुरत्या वापरल्या तर त्यांनी बाळाला इजा झाल्याचे दिसून आलेले नाही. तपासणीला अर्धा-पाऊण तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो; बाळ पाठ करून झोपले असेल तर तुम्हाला थोडे चालून यायला सांगतील, त्याचा वाईट अर्थ लावू नका. प्रत्येक वेळी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार एफ फॉर्म भरून घेतला जाईल, म्हणून ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. आणि कृपा करून यजमानांना बरोबर घेऊन जा. न बोलणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो. पडद्यावर ते हृदय धडधडताना त्यांनी पाहिले आणि तज्ज्ञांचे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकले, तर घरी जाऊन सगळे समजावून सांगण्याचा भार तुमच्या एकटीवर पडणार नाही.

त्याच भेटीत जनुकीय सल्ल्याबद्दलही विचारा आणि लग्न नात्यातले असल्याचे न संकोचता सांगा. पल्मनरी झडप जाड असणे हे कधीकधी नूनन सिंड्रोमसारख्या जनुकीय स्थितीचा भाग असते, विशेषतः तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचा द्रव जास्त आढळला असेल तर. तो जुना अहवाल शोधून बरोबर न्या. आईच्या रक्तावरून गर्भाचे डाऊन सिंड्रोम वगैरे पाहणारी नेहमीची तपासणी नूनन शोधत नाही. त्यासाठी गर्भजलाची तपासणी लागते, तिच्यात गर्भपाताचा धोका थोडा असतो, पण शून्य नसतो. इतर काहीच दोष दिसत नसेल तर ती करायची की नाही, हे तुम्ही दोघांनी तज्ज्ञांशी बोलून ठरवावे. मी येथून "कराच" असे म्हणणार नाही.

पोटातल्या ऑपरेशनबद्दल. गर्भाच्या हृदयात सुई घालून फुग्याने झडप उघडण्याचे प्रयत्न 1991 पासून नोंदले गेले आहेत आणि अमेरिकेत बॉस्टन येथे त्यावर पुष्कळ काम झाले. पण ते मुख्यतः महाधमनीच्या झडपेसाठी, जेव्हा ती इतकी अरुंद असते की डावे निलय आधी फुगते, मग थकते आणि शेवटी वाढायचेच थांबते. ज्या वाचकांच्या अहवालात या ॲऑर्टिक (महाधमनीच्या) झडपेच्या अरुंदपणाचा उल्लेख आहे, त्यांनी फीटल इकोसाठी एक आठवडाही थांबू नये, कारण तेथे दिवस खरोखर मोजावे लागतात. तुमच्या अहवालात असे काही नाही, आणि निलये सारखी असताना तुमच्या बाळासाठी हा मार्ग कोणी सुचवील असे मला वाटत नाही.

आता सासऱ्यांचे म्हणणे. त्यांच्या मनात काळजी आहे असे मी धरून चालतो, पण त्यांना कायदा अर्धाच कोणी सांगितलेला दिसतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, वीस ते चोवीस आठवड्यांत कायद्याने ठरवलेल्या गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर आठवड्यांची ही मर्यादा लागू होत नाही. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे असते. म्हणजे चोविसावा आठवडा ही डोळे मिटून उडी मारायची कडा नाही. आणखी एक गोष्ट अशी की, या निर्णयासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची किंवा सासऱ्यांची लागत नाही; म्हणून कोणी तुमच्या वतीने हो म्हणू शकत नाही. माझे मत विचाराल तर, तुम्ही पाठवलेल्या चार ओळींवर कोणत्याही प्रामाणिक डॉक्टरने गर्भपाताचा सल्ला देऊ नये. पुढच्या तपासण्यांत उजवे निलय फारच लहान राहत असल्याचे आढळले, तर चित्र बदलते; तशा मुलांना काही वर्षांत टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया लागतात, एकाच निलयावर आयुष्य काढावे लागू शकते, आणि तेव्हा आई-वडिलांनी जो निर्णय घेतला असेल त्याचा मी आदर करतो. पण तो प्रश्न आज तुमच्यासमोर नाही, आणि उद्याचा प्रश्न आज सोडवायला बसल्याने केवळ झोप जाते.

आता बाळंतपणाचे ठिकाण. पोटात असतानाच दोष कळण्याचा सगळा फायदा येथे आहे. अरुंदपणा सौम्यच राहिला, तर बाळंतपण माहेरी, कोल्हापूरला, नवजात बाळाचा इको होऊ शकेल अशा रुग्णालयात खुशाल करा. बाळ तुमच्याजवळ राहील, दूध पिईल, घरी जाईल आणि बालहृदयरोगतज्ज्ञांकडे ठरलेल्या दिवशी तपासायला जाईल. यांतल्या पुष्कळ मुलांना पुढे काहीच करावे लागत नाही. अरुंदपणा मध्यम असेल तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवून ती उघडतात. 1982 मध्ये ही पद्धत पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. छाती उघडावी लागत नाही आणि आज पल्मनरी झडपेसाठी बहुतेक ठिकाणी हाच पहिला उपाय आहे.

डक्टसमधला प्रवाह उलटा असल्याचे मात्र कळले, तर पहिले बाळंतपण माहेरी ही रीत या खेपेला बाजूला ठेवा. त्या बाळाला जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाची ठिबक लागेल, जी जोडवाहिनी उघडी ठेवते. हे औषध फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि लहान प्रसूतिगृहांत ते सहसा नसते. शिवाय ते देताना बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून ते देणाऱ्या ठिकाणी व्हेंटिलेटर आणि सराव असलेल्या परिचारिका हव्यात. मग एक-दोन दिवसांत फुग्याने झडप उघडायची, आणि कधीकधी त्यानंतरही निलय ताठर असल्यामुळे ठिबक काही दिवस चालू ठेवायची. हे सगळे एकाच छताखाली असणारी रुग्णालये पुण्या-मुंबईकडे आहेत. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. निळ्या पडलेल्या बाळाला घेऊन ते अंतर रुग्णवाहिकेने काटणे आणि तेच अंतर बाळ पोटात सुखरूप असताना सदतिसाव्या आठवड्यात एसटीने किंवा गाडीने जाणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आईच्या उदराइतकी सुरक्षित रुग्णवाहिका अजून कोणी बनवलेली नाही. तुमच्या आईंनाच महिनाभर पुण्यात तुमच्याजवळ येऊन राहायला सांगा, माहेरपण तेथे होईल. केवळ झडपेसाठी सिझेरियन लागत नाही, आणि लवकर मोकळे करण्याची घाईही नको. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला फुग्याची प्रक्रिया अधिक सोसते.

खर्चाची चिंता तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही मुलांच्या हृदयावरचे उपचार येतात, आणि खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. बाळाचा जन्म होईपर्यंत थांबू नका. सातव्या महिन्यातच आशाताईंना सांगून सांगलीच्या जिल्हा रुग्णालयातील बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या कक्षात जा, शिधापत्रिका आणि आधार कार्डातील नावे जुळतात का ते तपासा. नावातल्या एका वेलांटीमुळे मंजुरी अडकलेली मी अनेकदा पाहिली आहे.

एक मर्यादाही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर फसवल्यासारखे वाटणार नाही. फीटल इको उत्तम झाला, तरी निलयांमधले लहान छिद्र, सौम्य अरुंद झडप किंवा महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे या गोष्टी पोटात असताना निसटू शकतात. म्हणून अहवाल पूर्ण चांगला आला तरी जन्मानंतर, घरी जाण्याआधी, बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायू मोजून घ्या आणि एक इको करून घ्या, मग बाळंतपण कोठेही होवो.

फीटल इको झाला की अहवालाची एक प्रत स्वतःजवळ, एक माहेरी ठेवा, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला सगळे जुने अहवाल क्रमाने लावून न्या. तज्ज्ञांना आजच्या आकड्याइतकेच आकडे कोणत्या दिशेने चालले आहेत, हे पाहायचे असते. डक्टसच्या प्रवाहाबद्दल काय कळले, ते मला अवश्य लिहा.